बासन उरलं

आमच्या घरच्या पोथ्या २००८ साली पंढरपुरात चंद्रभागेत सोडल्या. पोथ्या बांधायचं बासन तेवढं मागे राहिलं, कारण कापड अजून धड होतं आणि धड कापड आत्याच्या हातून टाकवत नाही. तांबडा खारवा, कडांना हातशिलाई, एका टोकाला गुंडाळून बांधायची नाडी. तिनं ते घरी आणून ट्रंकेच्या तळाशी अंथरलं आणि वर थंडीच्या चादरी ठेवल्या. नऊ वर्षांनी ट्रंक रिकामी करताना मी ते झटकलं, तेव्हा दुमडीतून एक पान खाली पडलं.

ते पान आत्ता माझ्यासमोर आहे. लांबीला वीतभराहून थोडं जास्त, उंचीला सहा बोटं. हातकागद, मधाच्या रंगाचा, कोपरे घासून गोल झालेले. दोन्ही अंगांना समासाच्या तांबड्या दुहेरी रेघा. मधे नऊ ओळी, शब्दांत जागा न सोडता सलग लिहिलेल्या. ओवी संपते तिथले दंड तेवढे तांबडे. डाव्या समासात वर 'पां. प्र.', खाली ३७, आणि उजव्या समासात 'राम'. श्रीधरस्वामी नाझरेकरांच्या पांडवप्रतापाचं हे सदतिसावं पत्र, म्हणजे पान. तिसऱ्या ओळीत बोटाच्या पेराएवढा एक पिवळा पट्टा आहे. लिहिणाऱ्याचा हात चुकला, त्यानं चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावला, वाळू दिला आणि त्यावर पुन्हा लिहिलं. 'हरताळ फासणे' असं आपण रागानं म्हणतो ना, ते या पिवळ्या रंगातून आलं आहे. मुळात ते नासाडीचं नव्हे, दुरुस्तीचं काम. पान उजेडात तिरपं धरलं की हरताळाखालची चुकलेली अक्षरं पुसट दिसतात. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. त्यानं ते शेवटच्या पानावर लिहिलं असणार, आणि ते पान नदीत गेलं.

पोथ्या आम्ही टाकून दिल्या असं कुणाला वाटू नये. उलट, त्या सुरक्षित झाल्या या खात्रीनंच त्या गेल्या.

आमचं मूळ घर मंगळवेढ्याचं. २००६ साली ते विकायचं ठरलं. माळ्यावर पोथ्यांचे अकरा गठ्ठे होते. सोलापूरच्या तीन खोल्यांत ते ठेवायचे कुठे, हा थोरल्या काकांपुढचा प्रश्न खरा होता. तेव्हा 'सीडीवर घेऊन ठेवा' हा सल्ला सगळेच देत. काकांनी एका दुकानाला काम दिलं, पानामागे दीड रुपया. पंधरा दिवसांनी दोन चकचकीत सीड्या आल्या, वर स्केच पेननं 'घरच्या पोथ्या १' आणि 'घरच्या पोथ्या २'. काकांनी त्या देवापुढे ठेवल्या. मग मूळ पोथ्यांचं काय करायचं? त्या रद्दीत घालवत नाहीत. जाळवत नाहीत. वाहत्या पाण्यात सोडतात. काकांनी हे सगळं भक्तीनं केलं, हळदकुंकू वाहून, डोळ्यांत पाणी आणून. मीही घाटावर होते. मीही हात जोडले. 'छापील पांडवप्रताप बाजारात मिळतो की,' असं कुणीतरी म्हणालं, आणि ते मला पटलं होतं.

पान सापडलं तेव्हा मी सीड्या शोधल्या. पत्र्याच्या छताखाली माळ्यावर, बुटांच्या खोक्यात होत्या. सोलापूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना पत्र्याखालच्या माळ्याचं वेगळं वर्णन नको. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असेल तर वर भट्टी. घरी लिहिता येणाऱ्या सीडीत माहिती साठते ती एका सेंद्रिय रंगाच्या पातळ थरात. लेझरचा किरण त्या थरावर ठिपके भाजतो. उष्णता, ऊन आणि दमट हवा यांनी तो रंग उतरत जातो. पहिली सीडी यंत्रात घरघरली आणि गप्प झाली. दुसरी उघडली. दोनशेच्या वर फायली दिसल्या, त्यांतल्या सदतीस उघडल्या. (पत्र ३७ आणि फायली ३७, हा योगायोग मला अजून बोचतो.) चित्रं इतकी लहान की मोठी केली की अक्षरांचे चौकोन होत. प्रत्येक पानावर दुकानाचं नाव आडवं छापलेलं, नेमकं ओव्यांवरून. सोबत पोथ्यांची यादी असलेली एक फाइल होती. ती युनिकोडच्या आधीच्या कुठल्याशा फाँटात टाइप केलेली. तो फाँट आता कुणाकडे नाही, म्हणून पडद्यावर रोमन अक्षरं, टिंबं आणि चौकोन यांची खिचडी आली. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासूनच आहे. पण आपली कार्यालयं, छापखाने, डीटीपीवाले पुढे कितीतरी वर्षं आपापल्या फाँटांत टाइप करत राहिले. त्या काळातला मराठी मजकूर आज असा मुका होऊन हजारो संगणकांत पडून आहे, आणि तो काही प्राचीन नाही, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे.

तरीही खरी चुटपुट याची नाही.

आमच्या पांडवप्रतापाच्या शेवटी दहा-बारा पानं कोरी सोडलेली होती. त्यांवर घरच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या काहीबाही लिहिलेलं होतं. जन्मवेळा, विहिरीला पाणी लागल्याची तिथी, कुणाला किती कर्जाऊ दिले ते. आजी चातुर्मासाच्या समाप्तीला पोथी बांधण्याआधी ती पानंही वाचायची, जणू तोही एक अध्यायच. त्यात दुष्काळाची एक नोंद होती. 'शके १७९८ धाता नाम संवत्सरे' अशी तिची सुरुवात आत्याला अजून पाठ आहे. म्हणजे १८७६-७७, तो दख्खनचा मोठा दुष्काळ, ज्यात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला होता. पुढे 'ज्वारी रुपयास' असं होतं, आणि मग शेरांचा आकडा. किती शेर, ते आत्याला आठवत नाही. मी तिला तीनदा विचारलं. ती डोळे मिटून आजीच्या सुरात म्हणते, 'ज्वारी रुपयास...', आणि तिथे थांबते.

दुकानदारानं ती पानं स्कॅनच केली नव्हती. उघडलेल्या सदतीस फायलींत पांडवप्रतापाचा शेवटचा अध्याय पूर्ण आहे. त्याची समाप्ती दिसते आणि त्यानंतर लगेच दुसरी पोथी सुरू होते. 'फुटकळ मजकूर, पोथीचा भाग नाही' असं त्याला वाटलं असेल. पैसे पानावर होते, त्यामुळे त्यानं आमचे पैसे वाचवले असंही म्हणता येईल. छापील पांडवप्रताप बाजारात मिळतो. तो आकडा कुठेच मिळत नाही.

गेली काही वर्षं आम्ही चार-पाच जण रविवारी लोकांच्या घरी जाऊन पोथ्यांचे फोटो काढतो. सोलापूर शहर, अक्कलकोट, बार्शी, सांगोला, जिथून बोलावणं येईल तिथे. सोलापूरच्या माळ्यांवर एकच भाषा नसते. एका गल्लीत मराठी पोथी निघते, पुढच्या गल्लीत कन्नड ताडपत्रं, तिसरीकडे तेलुगू, आणि मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, तर सगळीकडे. हे काम करताना मला एक शब्द नव्यानं कळला: नकल. शाळेत नक्कल करणं वाईट असतं असं शिकवलेलं. पण आपल्या देशात जे जे जुनं वाचायला उरलं आहे ते मूळ प्रत टिकली म्हणून क्वचितच, कुणीतरी वेळेवर नकल केली म्हणूनच बहुतेक. आपल्या हवेत कागद आणि ताडपत्र शतकं काढतात, पण सहस्रकं नाही. वाळवी आहे, कसर आहे, गळकं छप्पर आहे. म्हणून दर काही पिढ्यांनी कुणीतरी बोरू उचलायचा.

आणि याचं एक फार मोठं उदाहरण खुद्द सोलापूरशी बांधलेलं आहे. कर्नाटकात मूडबिद्रीच्या बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, धवला, जयधवला आणि महाधवला या नावांनी ओळखले जाणारे दिगंबर जैन सिद्धांतग्रंथ ताडपत्रांवर होते. भाषा प्राकृत आणि संस्कृत, लिपी जुनी कन्नड. दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती. यात्रेकरू यायचे, पेटी उघडली जायची, लोक ग्रंथाचं दर्शन घेऊन परत जायचे. ग्रंथ पुजला जात होता. वाचू शकणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते आणि पानं तुटत चालली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद यांनी मुंबईच्या शेठ माणिकचंद यांच्या साथीनं नकल करून घ्यायचं मनावर घेतलं. पंडित बसवले. ताडपत्रावरून जुनी कन्नड वाचायची आणि कागदावर नागरीत उतरवायची, पान पान. सगळं काम संपायला दोन तपांहून अधिक काळ लागला. एकट्या धवलेचा विस्तार बहात्तर हजार श्लोकांएवढा सांगतात.

बसदीच्या लोकांना ग्रंथ बाहेर जायला नको होते, त्यामुळे या गोष्टीत ताणाताणीही आहे. एक नकल गुपचूप बाहेर पडली. तिच्यावरून उत्तरेत प्रती झाल्या, आणि अखेर १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून धवला छापायला सुरुवात केली, सोळा खंड. पुढे त्यांच्या आवृत्त्या सोलापूरच्याच जैन संस्कृती संरक्षक संघानं काढल्या. या संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून १९४३ साली 'तिलोयपण्णत्ती'चा पहिला भाग आला होता, म्हणजे चादरीच्या आणि गिरण्यांच्या या गावात प्राकृत ग्रंथांचं संशोधित मुद्रण चाललं होतं. आपण सोलापूरकर हे अभिमानानं कधी सांगत नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

गुपचूप बाहेर पडलेल्या त्या नकलेबद्दल मी खूप विचार केला आहे. बसदीतल्या लोकांची भीतीही मला खोटी वाटत नाही. आम्ही एखाद्या घरी जातो आणि आजोबा पोथीवरचा हात काढत नाहीत, तेव्हा तीच भीती समोर असते. 'फोटो काढलात म्हणजे पोथी तुमची झाली का?' 'सरकार घेऊन जाईल का?' 'अपवित्र होईल.' आम्ही आता आधी तासभर नुसते बसतो, चहा घेतो. पोथी घराबाहेर जाणार नाही, पान आमच्यापैकी कुणी उलटणार नाही, घरातल्याच माणसानं उलटायचं, आणि चित्रांची पहिली प्रत घरात राहणार, हे सांगतो आणि पाळतो. त्यांनी नको म्हटलं तर पोथीला नमस्कार करून निघतो. कधीकधी दोन वर्षांनी फोन येतो.

आम्ही कामाची पद्धत चुकत चुकत शिकलो. पान काळ्या कापडावर सपाट. कॅमेरा वरून, स्टँडला घट्ट. दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड, फ्लॅश नाही. पानाशेजारी रंगांची पट्टी आणि सेंटिमीटरची पट्टी, म्हणजे शंभर वर्षांनी पाहणाऱ्यालाही पानाचा खरा रंग आणि खरं माप कळावं. पत्राच्या दोन्ही बाजू. कोरी पानंसुद्धा. फळ्या, नाडी, बासन, सगळं. मूळ चित्र टिफ प्रकारात, कारण जेपेगमध्ये बदल करून पुन्हा साठवलं की दर वेळी थोडंथोडं गळत जातं. पोथीला लॅमिनेशन करून घेतलेली घरं भेटतात, तेव्हा मात्र पोटात खड्डा पडतो. प्रेमानं केलेलं असतं. पण तापवून चिकटवलेलं ते प्लास्टिक पानाचा जीव घेतं आणि ते काढताही येत नाही. वेखंडाची पुरचुंडी ठेवा, कोरडं सुती कापड गुंडाळा, माळ्यावरून खाली आणा, एवढं पुरतं.

मोबाइलमधली स्कॅनिंगची अॅप्स वापरू नका, असंही मी हात जोडून सांगते. ती पान 'स्वच्छ' करतात. कागद पांढरा फेक, अक्षर काळं कुळकुळीत. आमच्या सदतिसाव्या पत्राचा मी तसा एक फोटो करून पाहिला. हरताळ गेला, तांबडे दंड काळे झाले, समासातलं 'राम' अर्धं उडालं. जे पान समोर आहे त्याहून चांगलं दिसणारं पान यंत्रानं बनवून दिलं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या हाती लागतील त्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवलं: ज्ञानेश्वरीपाठीं जो ओंवी करील मऱ्हाटी, तेणें अमृताचे ताटीं जाण नरोटी ठेविली. अमृताच्या ताटात करवंटी. स्वतःच्या पदरची ओवी घालणाऱ्याला त्यांनी जे सांगितलं, ते आपण होऊन पान उजळून देणाऱ्या यंत्रालाही लागू आहे.

बरं, चित्रं काढली. ती टिकायची कशी? इथे मला वाट दाखवली ती माझ्या एका पद्मशाली विणकर मित्राच्या घरानं.

त्याचे वडील चादरीच्या जकार्ड मागाची कार्डं पाडायचे. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा वेल आधी चौकटीच्या कागदावर उतरवतात, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या लांबट कार्डांना भोकं पाडतात. बाण्याच्या एका धाग्याला एक कार्ड. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. अशी शेकडो कार्डं दोरीनं ओवून माग चालतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांत अख्खी चादर. संगणकाची भाषा आमच्या गावात मागावर वर्षानुवर्षं खडखडत होती. मित्राचे माग भंगारात गेले, पण वडिलांच्या कार्डांची एक चळत त्यानं ठेवली आहे. मी तिथे असताना त्यानं ती खिडकीसमोर धरली आणि बोटानं दाखवत गेला: 'ही कड, इथनं वेल सुरू, हे मोराचं मान बघा.' माग नाही, यंत्र नाही, तरी त्याला वाचता येत होतं. मी त्याला माझ्या सीडीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, 'कार्ड माग गेल्यावरबी बोलतंय. तुमचं सीडी मशीन नसलं की मुकं.'

या वाक्यानं माझी दिशाच बदलली. ज्या फाइलीला वाचायला एकाच कंपनीचं यंत्र किंवा एकच प्रोग्राम लागतो, ती फाइल आज ना उद्या मुकी होणार. म्हणून प्रकार असा निवडायचा, ज्याची रचना उघडपणे छापलेली आहे आणि जो कुणालाही पुन्हा वाचता येईल. व्हॅटिकनच्या ग्रंथालयानं आपल्या हस्तलिखितांच्या प्रतिमा कायमच्या ठेवायला 'फिट्स' नावाचा प्रकार घेतला. तो मुळात खगोलशास्त्रज्ञांचा, दुर्बिणींतून आलेल्या चित्रांसाठी १९८१ मध्ये ठरवलेला. त्याची मला आवडलेली गोष्ट अशी की चित्राच्या माथ्यावर साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं: हे काय आहे, किती रुंद, किती उंच, कसं वाचायचं. त्या माथ्यावरची एक ओळ ८० अक्षरांची असते. ८० च का, तर जुन्या संगणकांना भोकं पाडलेल्या कार्डांतून माहिती भरवत आणि त्या कार्डावर ८० अक्षरं मावत. ही भोकांची युक्ती आली ती विणकराच्या मागावरूनच. हे वाचलं त्या रात्री मी मित्राला फोन केला. तो आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, 'वडलांना सांगायला पायजे होतं.'

आम्ही टिफच वापरतो, आमच्या खिशाला आणि हाताला तेच झेपतं. पण माथ्यावर लिहायची ती रीत मी उचलली. प्रत्येक पोथीच्या फोल्डरमध्ये साध्या युनिकोड मजकुराची एक फाइल ठेवते, कुठल्याही यंत्रावर उघडेल अशी. पोथी कोणती, कुठल्या गावी, किती पत्रं, कुठली नाहीत, फोटो कुणी, कोणत्या तिथीला काढले. आमच्या जुन्या लेखकांची पुष्पिका, म्हणजे पोथीच्या शेवटची नोंद, हीच तर असते. 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया', जसं पुस्तक पाहिलं तसंच मी लिहिलं. शुद्ध असो, अशुद्ध असो, मला दोष देऊ नका. आणि त्यानंतर पोथीच स्वतः बोलते: तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, मूर्खाच्या हाती देऊ नको. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुण्या माणसानं वाकलेल्या पाठीनं हे लिहिलं, कारण पुढे कुणीतरी हाताळणार आहे याची त्याला खात्री होती. सीडी बनवणाऱ्या दुकानदारानं पुढच्या माणसासाठी एक ओळही लिहिली नव्हती.

टिकाऊपणाचंही तसंच. मला सुरुवातीला वाटायचं की कुठलीतरी अशी वस्तू असेल, जिच्यात एकदा घातलं की झालं. हार्ड डिस्क पाच-सात वर्षांत कधीही हाय खाते. पेन ड्राइव्ह वापराविना पडून राहिला की त्यातला विद्युतभार झिरपत जातो. दगड टिकतो, खरं. भीमा-सीना संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. तो वाचणारा विजयी होईल, अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरले आहेत. हजार वर्षं तो दगड तिथे होता, लोक शेजारून येत-जात होते. सोलापूरच्या शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभारांसारखा माणूस त्याच्यापुढे बसला तेव्हा तो बोलला. म्हणजे दगडालाही माणूस लागतोच.

आम्ही तीन प्रती ठेवतो. एक पोथीच्या घरी, एक माझ्याकडे, एक गावाबाहेर माझ्या मुलीकडे पुण्यात. दोन डिस्कवर, तिसरी निराळ्या साधनावर, म्हणजे एकाच खोडानं सगळी जाऊ नयेत. दर चार-पाच वर्षांनी नवीन डिस्क घ्यायची आणि सगळं तिच्यावर उतरवायचं, जुनी चालत असली तरी. ही नकलच आहे. बोरू नाही, शाई नाही, पाठ वाकत नाही, पण करणारं माणूस चुकलं की साखळी तिथेच तुटते. सरकारनं २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केलं आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' जाहीर केलं. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जपणूक करायचा संकल्प त्यात आहे. ते व्हावं, मनापासून व्हावं. पण मंगळवेढ्याच्या माळ्यावरच्या अकरा गठ्ठ्यांपर्यंत कुणी पोचेपर्यंत त्यांना कुणीतरी पाण्यापासून दूर ठेवायला हवं होतं. आता जिथे जाते तिथे मी पहिली गोष्ट हीच सांगते: फोटो काढले म्हणून पोथी सोडू नका. नकल झाली की मूळ निरुपयोगी होत नाही. मूडबिद्रीची ताडपत्रं आजही मूडबिद्रीत आहेत.

दिगंबर जैनांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी असते. धवला ही ज्याची टीका, तो षट्खंडागम लिहून पुरा झाला तो हा दिवस, असं मानतात. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढतात, झाडतात, ऊन दाखवतात, नव्या कापडात बांधतात. आम्ही जैन नाही, पण वर्षातून एकदा डिस्का तपासायला दिवस हवा होता, आणि याहून चांगला दिवस मला सुचला नाही. मुलगी त्या सुमारास सोलापूरला येते. प्रत्येक फाइलीचा एक चेकसम काढून ठेवलेला असतो, आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ. फाइलीतला एक ठिपका जरी बदलला तरी ती ओळ साफ बदलते. वर्षभरानं तो पुन्हा काढायचा आणि जुळवायचा. यंदा माझ्या डिस्कवरची एक फाइल जुळली नाही. सांगोल्याकडच्या एका घरातल्या हरिविजयाचं पत्र ११२, मागची बाजू. उघडली तर चित्राचा खालचा तिसरा भाग करड्या पट्ट्यांनी भरलेला. मुलीनं पुण्याहून आणलेली प्रत जोडली, ती जुळत होती. तिच्यावरून पुन्हा उतरवून घेतली, परत चेकसम काढला, आणि या खेपेला दोन्ही ओळी शेवटच्या अक्षरापर्यंत एक आल्या.

संध्याकाळी नव्या पोथीची मजकूर-फाइल लिहायला बसले. बाळबोध लिपी, पत्रं चौसष्ट, बारावं आणि तेरावं नाही, शेवटची चार कोरी, तीही घेतली. शके, तिथी, वार लिहिला. या फायलींत अगदी शेवटी मी एक ओळ घालते, ग्रंथाशी काही संबंध नसलेली. त्यासाठी आत्याला फोन लावला. ती चौऱ्याऐंशीची आहे, अजून बाजार स्वतः करते.

'आत्या, मालदांडी ज्वारी काय भावानं आणलीस गं?'

'परवाची सांगू का आजची?'

'दोन्ही सांग,' मी म्हटलं, आणि लिहून घेतलं.